बारीक माणसाला व्हायरल घाबरतो म्हणे!

गिरगावकर: काल सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी ज्ञान पाजळलं, "वजन साठच्या आत ठेवा, कुठलाही व्हायरल अंगावर निघून जातो." खाली अंगठ्यांची रांग. तिथे बोललो तर सेक्रेटरी चिडतात, म्हणून इथे. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही हो. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो आठवा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. आपण दिसायला काडी, आत लोण्याचा गोळा. कोविडच्या सीटी स्कॅनमध्येही तेच दिसलं: पोटाच्या आतली चरबी जास्त, त्यांना आयसीयू जास्त लागलं. ही चरबी गप्प पडून नसते, दाह वाढवणारी रसायनं सोडत असते. शिवाय आडवं झालं की पोट फुप्फुसांखालच्या श्वासपटलाला वर ढकलतं. स्नायू कमी असतील तर कफ खोकून बाहेर काढायलाही जोर उरत नाही.

लालबागचा_बंड्या: म्हणजे जाडेही मरणार, बारीकही मरणार. छान! आमचे काका शंभर किलोचे. कोविड घरातच काढला, ताप उतरायच्या आधी मटण मागत होते. समोरच्या इमारतीतला मॅरेथॉनवाला मात्र व्हेंटिलेटरवर. अभ्यास तुमच्याकडेच ठेवा.

गिरगावकर: काका वाचले, आनंद आहे. रूळ ओलांडणारेही बहुतेक जण रोज घरी पोचतात, म्हणून पूल पाडायचे का?

परळची_सिस्टर: दोघंही जरा थांबा. स्नायू कमी असलेले पेशंट बहुतेक म्हातारे, मधुमेही, आधीच खंगलेले. मग दोष स्नायूंचा की वयाचा? आणि आजार स्वतःच स्नायू खातो. २०१३ च्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटचा मांडीचा स्नायू दहा दिवसांत सतराएक टक्क्यांनी आटला होता. माझे सासरे घरी आले तेव्हा पाकिटातून गोळी अंगठ्याने बाहेर ढकलता येत नव्हती त्यांना. पण मुळात शिल्लक असेल तर माणूस तग धरतो, एवढं वॉर्डात रोज बघते.

बोरिवलीकर: शिल्लक टाकायची कशातून, वरणभातातून? अंडी-मासे खा म्हणावं तर घर मिळत नाही. दलालाचा पहिला प्रश्न, "नॉनव्हेज खाता का?" आमच्याच मुंबईत!

साधा_शाकाहारी: झालं सुरू. राजमा, सोयाबीन, पनीर, ताक ही काय माती आहे? आणि तुम्ही बोंबील तळता तेव्हा जिन्यात उभं राहवत नाही.

बोरिवलीकर: मग नाक घेऊन माथेरानला जा. कोळ्यांच्या गावात येऊन माशाचा वास येतो म्हणायचं?

साधा_शाकाहारी: माझे आजोबा याच गावात जन्मले. तुमच्या आधी.

बोरिवलीकर: आजोबांनी बोंबलाची तक्रार केली नसेल. ते माणूस होते.

गिरगावकर: अहो, विषय स्नायूंचा आहे!

लालबागचा_बंड्या: राहू द्या हो, हाच विषय बरा आहे. बोंबलात प्रोटीन असतं की नाही?

परळची_सिस्टर: असतं. आणि नुसतं खाऊन स्नायू होत नाहीत, ते वापरावे लागतात. ओपीडी डेंगीने भरलीये, लठ्ठ पोरांमध्ये डेंगी गंभीर होण्याचं प्रमाण जास्त आढळलंय, आणि इथे जिन्यातल्या वासावर महाभारत.

साधा_शाकाहारी: पोरांना वडापाव कोण चारतं? तो तर शाकाहारीच आहे, हे मी आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे बोरिवलीकरांचे कष्ट वाचतील.

लालबागचा_बंड्या: बरं, गिरगावकर, एवढं मान्य. पुरुषांना कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी म्हणतात ना, काकांची मोजली. आकडा सांगत नाही. काका म्हणतात टेप खोटी आहे.

बोरिवलीकर: आणि भाड्याच्या घराचं काय? कोणी बोलणार आहे का?