भरतकामाच्या क्लासात कापड उलटून बघायचं की नाही?

उलटी_टीप
मुक्तधागा यांनी परवा लिहिलेलं वाचल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून इथे चर्चेचा वेगळा धागा काढते. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लासच्या बाईंनी त्यांचं काम हातात घेतलं, पुढून बघितलंसुद्धा नाही, सरळ उलटं केलं आणि मागच्या गाठी, लांब उड्या मारलेले दोरे सगळ्यांना दाखवले. मुक्तधागा यांना ते लागलं. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की मोठ्या माणसांना नमुना-कापड (रुमालावर एकेका टाक्याची सरावाची ओळ) करायला लावणारे क्लास बंद करावेत, पहिल्या दिवसापासून मनाला येईल ते भरू द्यावं आणि मागची बाजू बघणं हा 'जुन्या बायकांचा छळवाद' आहे.

मी जुनी बाई आहे आणि हा छळवाद घरच्या हॉलमध्ये बरीच वर्षं करते आहे.

चारचौघींत दाखवायला नको होतं, एवढं मान्य. पण बघायचंच नाही? मागे बोटभर लांब दोरा मोकळा सोडलात की तो कपडा घालताना बांगडीत अडकतो, ओढला जातो आणि पुढचं फूल गोळा होतं. मरून रंगाचा दोरा पांढऱ्या कापडामागून या पानावरून त्या पानावर नेलात की पुढून सावली दिसते, आणि रंग कच्चा असेल तर पहिल्या धुण्यात ती सावली गुलाबी होते. गाठ मारलीत की इस्त्रीनंतर तिथे पुटकुळी, आणि गाठ सुटली की पुढची ओळ उसवायला सुरुवात. यात छळ कुठे आहे? हे कापड उद्या कुणीतरी अंगावर घालणार आहे.

आणि तुम्ही ज्याला 'मनाला येईल ते' म्हणता ते बहुतेकींच्या बाबतीत काय असतं, सांगू? किट. छापलेलं कापड, मोजून दिलेले दोरे, प्रत्येक पाकळीला नंबर. एक जण सहाही पदर एकदम सुईत ओवून आली आणि म्हणाली, फोनवरच्या रीलमध्ये दोरा जाड दिसतो. लडी सहा पदरी असते, एकेक पदर वेगळा ओढून काढायचा, मग हवे तेवढे जुळवायचे, दोरा हातापासून कोपरापर्यंतच घ्यायचा, हे रीलमध्ये कोण सांगणार? दोन पदर एकत्र ओढले की गुंता, आणि मग 'मॅम, दोऱ्याची क्वालिटी खराब आहे'.

मुक्तधागा
बरं झालं, धागा काढलात. मी दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधते, त्याचाच पगार घेते. संध्याकाळी पैसे भरून येते ती स्वतः चुका करायला. पन्नाशीच्या तोंडावर मला परत चौथीच्या शिवणाच्या तासाला बसायचं नाहीये.

आमच्याकडे क्रम ठरलेला. धावदोरा, उलटी टीप, साखळी, काश्मिरी टाका, मग लेझी डेझी. फ्रेंच नॉट (दाण्यासारखा गाठीचा टाका) येईस्तोवर निम्म्या बायका गळाल्या. गळालेल्यांचा हिशोब कुठली शिक्षिका ठेवते? मला आमच्या जुन्या चाळीचा जिना भरायचा होता. तुटका कठडा, खाली सायकल. पहिल्या दिवशी चित्र नेलं तर 'ते शेवटी बघू'. ते शेवटी कधी आलंच नाही. आणि माझा जिना काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर जाणार आहे. त्याची मागची बाजू भिंतीने बघायची आहे का?

बेळगावकडचा
आईचं माहेर धारवाड, म्हणून बोलतो. कसुतीत, म्हणजे तिकडच्या धागे मोजून भरायच्या कामात, गाठ नसतेच ओ. त्यातला गवंती टाका असा असतो बघा: जाताना एक टाका भरायचा, एक घर सोडायचं, येताना राहिलेली घरं भरत यायचं. रेघ दोन्हीकडून सारखी. मुरगी तशीच, पण पायऱ्यापायऱ्यांनी. इरकली साडीवर तुळशी वृंदावन भरायचं म्हणजे छापलेली खूण नाही, नुसते कापडाचे धागे मोजायचे. कुठल्या फांदीत आधी शिरायचं आणि कुठून परत यायचं ते पहिला टाका घालायच्या आधी डोक्यात पाहिजे. चुकलात की येताना सुई अशा जागी येते की पुढं घरच शिल्लक नाही. दोरा कापा आणि उसवा. ही सगळी वाट आईला तोंडपाठ होती, आणि तुम्ही म्हणता शिस्तीत क्रिएटिव्हिटी मरते!

उलटी_टीप ताई, तुम्हालाही एक सांगतो. नेगी आणि मेंथी हे कसुतीतले दुसरे दोन टाके मागून तसे दिसत नाहीत. त्यामुळं 'कसुती दोन्हीकडून सारखीच' असं क्लासात छातीठोक सांगत असाल तर थांबवा.

उलटी_टीप
मी तसं सांगत नाही. तरी धन्यवाद.

डावखुरी
सगळं ठीक आहे, पण डावखुऱ्यांना कोण शिकवणार यावर कुणी कधी बोलत नाही. मी दोन क्लास सोडले. एका बाईंनी सरळ 'उजव्या हाताने सवय कर' म्हणून सांगितलं. मोठ्या बाईला! साखळी टाका माझ्याकडून उलट्या दिशेला जातो, फळ्यावरची आकृती माझ्या काही कामाची नाही. आधी याचं बघा, मग मागची बाजू.

उलटी_टीप
माझ्याकडे डावखुरी आली की शेजारी नाही, समोर बसवते. समोरून बघितलं की आपोआप आरसा होतो. पण हा वेगळा विषय आहे.

डावखुरी
डावखुऱ्यांचा विषय नेहमीच वेगळा असतो.

अड्डेवाला
आरी (हुकाने भरायचं काम) आणि जरदोजी (जरीच्या तारांचं काम) शिकवतो. माझ्याकडे जिना भरायला कोणी येत नाही. ब्लाउजच्या ऑर्डरी घेऊन घर चालवायचंय म्हणून येतात. आरीत दोरा खाली असतो, हूक वरून, साखळी पुढे दिसते. शेवटचा फास लॉक केला नाही आणि कोणी टोक ओढलं, तर सगळी ओळ सर्रकन सुटते. लग्नाच्या दिवशी सुटली की गिऱ्हाईक दारात. तिथे 'माझी अभिव्यक्ती' म्हणून सांगणार का?

दुसरं म्हणजे, ज्यांना कलेचा एवढा पुळका आहे त्यांनी हे पण बघा. २०२३ ला कारागिरांसाठी केंद्राची विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय. शिंपी आहे, हार करणारा आहे, न्हावी, धोबी, मासे धरायची जाळी विणणारा, सगळे आहेत. भरतकाम करणारा नाही. विचारायला गेलो तर 'शिंपी म्हणून भरा'. मी शिंपी आहे का? माझ्या बापाने अड्ड्यावर, कापड ताणायच्या लाकडी चौकटीवर, बसून डोळे घालवले.

मुक्तधागा
तुमचा राग समजतो, पण तो माझ्यावर का काढताय? आणि मागच्या बाजूची एवढी भक्ती असेल तर जरदोजीला मागून अस्तर का लावतात? झाकायलाच ना?

अड्डेवाला
तारा टोचू नयेत म्हणून. माहिती नसेल तर बोलू नये.

नुसताच_वाचक
पंजाबची फुलकारी कापडाच्या उलट बाजूने धागे मोजून भरतात, पुढचं काय झालं ते नंतर कळतं. लखनवी चिकनकारीच्या सावलीच्या कामात दोऱ्याची सगळी जाळी मागेच असते आणि पुढे नुसती छाया दिसते. म्हणजे मागची बाजू बघायची की नाही हे कामावर आहे. दोघीही बरोबर. मिटवा.

उलटी_टीप
'दोघीही बरोबर' म्हणणाऱ्यांनी कधी सुई धरलेली नसते.

क्रॉयडनची_काकू
इकडे इंग्लंडमध्ये रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क आहे, १८७२ पासूनची. त्यांच्या सर्टिफिकेटची सुरुवातच जॅकोबियन, म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्लिश वळणाच्या, लोकरी भरतकामाने होते आणि त्याचं चित्र विद्यार्थ्याने स्वतः काढायचं असतं. त्या चित्रातच टाके शिकायचे. नमुना-कापड नाही. पण तपासणी अशी की रडू येईल. आपल्याकडे एक तर चौकोनी रुमाल, नाही तर नुसता आनंदीआनंद. मागच्या सुट्टीत पुण्यात एक दिवसाची गोधडी कार्यशाळा केली. अडीच हजार रुपये, नाश्त्यासकट. 'स्लो स्टिचिंग', म्हणजे मन शांत करत सावकाश शिवणं. छान वाटलं, पण घरी उशीच्या अभ्ऱ्याएवढाच तुकडा आणला.

वाकळवाली
अडीच हजार!!! आमच्या भागात अख्खी वाकळ शिवून देणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते त्यात तुमचा नाश्ताही होणार नाही.

आणि ते स्लो काय असतं? आजी सुगी संपली की वाकळ घालायची. जमिनीवर जुनं लुगडं अंथरायचं, वर फाटकी धोतरं, पोरांचे सदरे उसवून त्याचे तुकडे, वर परत लुगडं. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. आधी काठ दुमडून कडा धरायची, मग बाहेरून आत फेरे. तळहाताने सुरकुती पुढं ढकलत जायची. गुडघे वाकळीवरच. दिवस मावळायच्या आत उरकायचं, कारण रात्री पांघरायला तीच. यात ध्यानधारणा नव्हती, थंडी होती. आता त्याच गरिबीला नाश्ता लावून विकताय.

टाचणी७
मी अशा कार्यशाळा घेते. हॉलचं भाडं, कापड, दोरा, जीएसटी, हे कोण देणार? आणि शिकवणं फुकट असावं हा हट्ट फक्त बायकांच्या कामाबाबतच का? गिटारच्या क्लासला फी विचारून कोणी छाती पिटत नाही.

वाकळवाली
फी घ्या की. पण ती कोणाला मिळते ते सांगा. जिच्या हातात ही कला आहे ती तुमच्या हॉलमध्ये असते का?

टाचणी७
असते. एकदा आणली होती. पूर्ण मानधन दिलं. त्यांनी मांडी घातली, शिवायला लागल्या आणि तासाभरात कोपरा भरून मोकळ्या झाल्या. लोक विचारतात टाका केवढा, दोरा किती पदरी, कडेला वळायचं कसं. त्या म्हणाल्या, 'बघा आणि करा.' दुपारपर्यंत निम्मे लोक फोनवर. येणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, ताई. हे कुणाला बोललं की आपण उच्चभ्रू ठरतो.

वाकळवाली
बघा आणि करा, हेच शिकवणं. आम्ही तसंच शिकलो. तुमच्या गिऱ्हाइकांना बघायचा धीर नाही त्याला ती काय करणार?

टाचणी७
मग तुमची मुलगी शिकली का बघून?

वाकळवाली
हा प्रश्न बरोबर नाही.

टाचणी७
बरोबरच आहे.

वाकळवाली
नाही शिकली. तिने ऑनलाइन ब्लँकेट मागवलं. समाधान झालं? पण म्हणून तुम्ही आमच्या आजीच्या वारस होत नाही. टाचणी नाव शोभतंय तुम्हाला.

नुसताच_वाचक
अहो, विषय मागच्या बाजूचा होता. गोधडीला तर कुठली मागची बाजू?

क्रॉयडनची_काकू
मी नाश्त्याचा उल्लेख उगाच केला.

उलटी_टीप
पोह्यांवरून महाभारत झालं, तर मूळ मुद्द्यावर येते.

इथे सगळे क्लास म्हणजे छंद किंवा धंदा असं धरून बोलताहेत. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं ते मोठ्या बायकांसाठीच. त्यात पोरवयात विधवा झालेल्या होत्या, संसार सांभाळून येणाऱ्या होत्या. त्यांना शिवण शिकायचं होतं ते दोन पैसे मिळवायला. कच्चं काम विकलं जात नव्हतं. आपल्या क्लासांचा क्रम, तो नमुना-रुमाल, त्याच गरजेतून आलाय असं मला वाटतं. मुक्तधागा, तुम्हाला ती गरज नाही हे तुमचं नशीब. पण त्या क्रमाला छळवाद म्हणू नका.

मुक्तधागा
इतिहास ऐकून घेतला. पण हेच माझं म्हणणं आहे ना! गरज बदलली आणि क्रम तोच राहिला. अड्डेवाल्यांच्या विद्यार्थिनीला लॉक टाका पहिल्या दिवशी हवा, मला जिन्याचा कठडा हवा. कठड्याला उलटी टीप लागते, सायकलच्या चाकाला साखळी टाका, भिंतीच्या पोपड्यांना फ्रेंच नॉट. त्याच वेळी तिथेच शिकवा, मी शंभरदा उसवीन. रुमालावर आठ ओळी भरताना मी घड्याळ बघते. काकूंनी सांगितलेली ती इंग्लंडची शाळा तेच करते. ती काय छंदवाल्यांची आहे का?

उलटी_टीप
नाही. आणि पोपड्यांना फ्रेंच नॉट हे मला सुचलं नसतं. ही स्तुती आहे, एकदाच मिळेल.

ठीक. पुढच्या बॅचमध्ये एका गटाला पहिल्याच दिवशी स्वतःचं चित्र आणायला सांगते. टाके त्यातून काढू. किट आणलं तर दारातून परत. कापड उलटून बघणारच, पण बाजूला घेऊन. गाठ दिसली की कात्री.

मुक्तधागा
'बाजूला घेऊन' हे आधीच म्हणाला असतात तर एवढं लिहावं लागलं नसतं. गाठीशिवाय सुरुवात कशी करायची ते मी काल यूट्यूबवर शिकले. मागे शेपूट सोडायचं आणि पहिल्या चार टाक्यांखाली दाबायचं. तुमच्यामुळे नाही, आधीच सांगते.

उलटी_टीप
बरोबर केलंत. चार नाही, पाच-सहा टाक्यांखाली दाबा. चार टाके धुण्यात टिकत नाहीत.

मुक्तधागा
भिंत धुणार नाहीये मी!

अड्डेवाला
विश्वकर्माचं कुणी बोललंच नाही.

डावखुरी
डावखुऱ्यांचंही.

नवीन_सुई
सगळं वाचलं, बरंच कळलं नाही. मी अजून सुरुवात केली नाहीये. पुण्यात मॅटी कापड आणि सुटे दोरे कुठे मिळतील? क्लास नको, घाबरले.

बेळगावकडचा
तुळशीबागेत नाही तर बोहरी आळीत बघा. कापड उजेडात धरून घ्या, धागे मोजता आले पाहिजेत. आणि दुकानदार 'चालतंय' म्हणाला तरी लाल दोरा आधी भिजवून बघा.