मदत हवी आहे: बुंदीची साखर ५२, पण इन्सुलिन 'नॉर्मल'?

नमस्कार मंडळी,

आमची बुंदी, लॅब्रॅडॉर, ९ वर्षांची. (नाव पोरीने ठेवलं. आता साखरेच्याच भानगडीत अडकलोय.) दोन महिन्यांपासून वेताळ टेकडी उतरताना तिचे मागचे पाय लटपटायचे. वय झालं, सांधे धरले असतील, म्हणून त्याच्या गोळ्या दिल्या. मग एका पहाटे स्वयंपाकघरातून फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर मागचं धड बसलेलं, पुढच्या दोन पायांवर ओढत ओट्याकडे चाललीये, नजर भलतीकडेच. पाठोपाठ झटका. डॉक्टरांनी एपिलेप्सी धरून फेनोबार्बिटोन चालू केलं.

पुढच्या खेपेला बायकोने बाबांचं ग्लुकोमीटर आणून कानाच्या कडेला टोचलं. ४४! हिरड्यांना मध चोळला, दहा मिनिटांत बाईसाहेब बिस्किटांच्या डब्यापाशी.

दुसऱ्या डॉक्टरांना इन्सुलिनोमाचा, म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणाऱ्या गाठीचा संशय आहे. लॅबमध्ये उपाशीपोटी साखर ५२ आली. इन्सुलिनचं रक्त मात्र चार दिवसांनी, नाश्ता झाल्यावर घेतलं. ते 'नॉर्मल'. सोनोग्राफीत गाठ नाही. मग विषय संपला म्हणायचं, की सीटी करायचा? भूल द्यावी लागेल म्हणून घरचे धास्तावलेत, खर्च आहेच.

प्रतिसाद १

मी व्हेट आहे, पण बुंदीला पाहिलेलं नाही. तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

तो इन्सुलिनचा रिपोर्ट बाजूला ठेवा. साखर उतरली की निरोगी स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ थांबवतं. त्यामुळे साखर ५० असताना इन्सुलिन 'नॉर्मल' येणं हीच खरी गडबड. पण ते कळायला दोन्ही आकडे एकाच वेळच्या रक्तातले हवेत आणि तेव्हा साखर ६० च्या खाली हवी. नाश्त्यानंतरच्या इन्सुलिनवरून काहीच ठरत नाही.

त्यासाठी दवाखान्यात उपाशी ठेवून तासा-दोन तासांनी साखर बघतात आणि ती उतरली की लगेच रक्त घेतात. घरी हा उद्योग नको. साखरेसाठी करड्या टोपणाची फ्लोराइड ट्यूब मागा. साध्या ट्यूबमध्ये रक्त पडून राहिलं तर रक्तपेशीच साखर खातात आणि आकडा खोटा कमी येतो. ५२ कुठल्या ट्यूबमधून आले तेही विचारा. माणसांचं ग्लुकोमीटरही कुत्र्यांत बहुधा कमीच दाखवतं, म्हणून एकट्या ४४ वर मी गेलो नसतो. पण लक्षणं, लॅबची कमी साखर आणि मध चाटवल्यावर उठणं, हे तिन्ही जुळतंय. इन्सुलिनची टेस्ट कुत्र्यांसाठी पडताळलेली आहे ना, हेही लॅबला विचारा.

सोनोग्राफीचं मनावर घेऊ नका. या गाठी पुष्कळदा मटाराएवढ्या असतात, सहज निसटतात. कॉन्ट्रास्ट सीटीत जास्त सापडतात, शिवाय यकृतात किंवा लिंफ नोडमध्ये पसरलंय का तेही दिसतं. पण सीटी नंतर. आधी जोडीचं रक्त, सोबत यकृताची तपासणी आणि अ‍ॅडिसनसाठी (अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावण्याचा आजार) कॉर्टिसोल. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने साखर चढते, त्यामुळे या तपासणीआधी ते सुरू होऊ नये. आणि फेनोबार्बिटोन स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

प्रतिसाद २

शुगरफ्री च्युइंगम वगैरे खाल्लं नाही ना? त्यात साखरेऐवजी घालतात त्या झायलिटॉलनेही कुत्र्यांची साखर धाडकन पडते. झटका चालू असताना तोंडात काही ओतू नका, ठसका लागेल. बोटही चावून घ्याल.

धागाकर्ता

च्युइंगम घरात येतच नाही आणि हे दोन महिने चाललंय, तेव्हा ते नसावं. ५२ वाली ट्यूब लाल टोपणाची, म्हणजे साधीच होती, रक्त सकाळी ९ ला काढलं आणि लॅबचा माणूस दुपारी येऊन घेऊन गेला! डॉक्टरांना सांगितलं, तेही क्षणभर गप्प झाले. शनिवारी सकाळी त्यांच्याच टेबलावर दोन्ही रक्तं एकदम. तोवर दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खायला, टेकडी बंद, मधाची बाटली खिशात. शुक्रवारी रात्री शेवटचं खाणं किती वाजता, हे तेच सांगणार आहेत.