अंबाजोगाईतील वाड्यात ऐंशी श्रोत्यांसाठी जॅझची बैठक : ध्वनी, श्रोते आणि खर्च यांबद्दल मार्गदर्शन हवे

विचारणा (अंबाजोगाई)

नमस्कार. अंबाजोगाईत आमचा जुना वाडा आहे. दिंडीतून आत आले की दोन्ही हातांना ढाळज (दारालगतची बसायची ओसरी) लागते, पुढे चौक येतो आणि चौकापलीकडे सागवानी खांबांवर उभा असलेला लांबट सोपा (पुढून उघडा बैठकीचा भाग) आहे. भिंती दगडमातीच्या आहेत आणि वर माळवद (लाकूड-मातीचे सपाट छत) आहे. आजोबांच्या काळी या सोप्यात गाण्याच्या बैठका होत असत. त्या बंद पडूनही आता चाळीस वर्षे उलटली. येत्या हिवाळ्यात तेथे जॅझची बैठक भरवावी, असे माझ्या मनात आहे. पुण्यातील तीन वादकांशी बोलणे झाले असून पियानो, डबल बेस (खर्जाचे मोठे तंतुवाद्य) आणि ड्रम असा त्यांचा संच आहे. सोप्यात आणि चौकाच्या अलीकडच्या भागात सतरंज्या अंथरल्या, तर ऐंशी माणसे सुखाने बसू शकतील.

हा विचार ज्या अनुभवातून आला, तो सांगितल्याशिवाय माझी शंका नीट कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका शहरात, मंगल कार्यालयाच्या मोठ्या सभागृहात मी प्रथमच प्रत्यक्ष जॅझ ऐकले. वादक उत्तम होते, परंतु मिरवणुकीत लावतात तसल्या पेट्यांची भिंत दोन्ही बाजूंना रचलेली होती आणि ड्रमच्या प्रत्येक भागापुढे माइक होता. बेसवादक डोळे मिटून काहीतरी फार नाजूक वाजवत आहे, हे मला दिसत होते. ऐकू मात्र फक्त धडधड येत होती. वादकांनी दोन वेळा आवाज कमी करण्याची विनंती केली, तरी तो कमी झाला नाही. अर्धे लोक मध्येच उठून गेले आणि जाताना 'हे संगीत आपल्यासाठी नाही' असे म्हणत गेले. त्या संध्याकाळी संगीत त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून जाणकारांना विचारतो. अशा जागेत ध्वनिव्यवस्था कशी आणि किती असावी? ज्यांनी आयुष्यात जॅझ ऐकलेले नाही, परंतु भजन, कव्वाली आणि शास्त्रीय गायन ज्यांच्या कानांत मुरलेले आहे, अशा श्रोत्यांची तयारी कशी करून घ्यावी? माणशी ३०० रुपये देणगी ठेवली, तर २४,००० रुपये जमतील. तेवढ्यात हे भागेल का? आणि लोकांना आपलेसे वाटावे म्हणून एखादा स्थानिक तबलावादक सोबत बसवणे योग्य ठरेल का?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)

मी गेली अनेक वर्षे ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. आपल्याकडे माळवद आहे, ही सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. सिमेंटचा स्लॅब आणि गुळगुळीत फरशी असलेल्या सभागृहात आवाज छत आणि जमीन यांच्यामध्ये पुन्हापुन्हा आदळत राहतो, आणि आधीचा स्वर विरण्यापूर्वीच पुढचा येऊन त्यावर पडतो. लाकडी किलच (छताच्या तुळयांवरचे लाकडी आच्छादन) आणि त्यावरचा जाड मातीचा थर असे घुमत नाही. सतरंज्यांवर खेटून बसलेली, अंगावर शाली आणि स्वेटर घेतलेली ऐंशी माणसे उरलेला बराचसा घुमारा शोषून घेतील. म्हणून दुपारी रिकाम्या सोप्यात तालीम करताना आवाज थोडा घुमला, तर घाबरून यंत्रे वाढवू नयेत.

ड्रमला एकही माइक लावू नका. दगडमातीच्या बंदिस्त जागेत ड्रम मुळातच पुरेसा मोठा वाजतो. वादकाला काठ्यांऐवजी अधिकाधिक ब्रश वापरण्याची विनंती करा. ब्रश म्हणजे बारीक तारांचा जुडगा असतो, तो कातड्यावरून फिरवला की सुपात धान्य पाखडावे तसा आवाज येतो, आणि हा आवाज तर केवळ लहान जागेतच खऱ्या अर्थाने ऐकू येतो. ड्रम कोपऱ्यात मांडू नका, कारण दोन भिंती मिळतात तेथे खर्जाचा आवाज फुगतो. खऱ्या पियानोच्या मागे लागू नका. इतक्या दूर आणल्यावर तो पुन्हा सुरात लावावा लागेल. ८८ पट्ट्यांचा, दाबाला वजन असलेला डिजिटल पियानो भाड्याने आणा आणि त्याचा स्पीकर वादकाच्या मागेच, कानाच्या उंचीवर ठेवा. तिन्ही वाद्यांचा आवाज वादक जेथे बसले आहेत तेथूनच आला पाहिजे. डबल बेसला एक लहान ॲम्प्लिफायर पुरतो. निवेदनासाठी तर माइकचीही गरज नाही.

जुन्या वाड्यात खरी अडचण विजेची असते. आधी अर्थिंग तपासून घ्या, कारण अर्थिंग नसेल तर ॲम्प्लिफायर सतत गुणगुणत राहतो आणि जॅझमधील शांत जागा त्या गुणगुणीत बुडतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच असावा. साध्या इन्व्हर्टरवर हीच गुणगुण वाढते. पंखे बंद ठेवता यावेत यासाठी डिसेंबर किंवा जानेवारीच निवडा. चौक वरून उघडा असल्यामुळे आपली जागा बंदिस्त सभागृह म्हणून धरता येणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, तेव्हा साडेसहाला सुरुवात करावी हे बरे.

सोप्याची परीक्षा मात्र आजच करता येईल. मध्यभागी उभे राहून एकच जोरकस टाळी वाजवा आणि ती कोणत्या बाजूने परत येते, ते ऐका.

उत्तर २ (परभणी)

मी संगीत शिक्षक आहे. आपल्या श्रोत्यांबद्दल आपण काळजी करू नये, असे मला मनापासून वाटते. तालाचे आवर्तन ज्याला कळते, त्याला जॅझचा सांगाडा दहा मिनिटांत कळतो. पुष्कळशा जुन्या जॅझ रचना ३२ बारांच्या (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) असतात आणि एका बारात चार मात्रा धरल्या, तर एक आवर्तन १२८ मात्रांचे होते. त्याचे आठ-आठ बारांचे चार भाग पडतात; पहिला, दुसरा आणि चौथा भाग एकाच चालीचा असतो आणि तिसरा वेगळा, म्हणजे जवळजवळ अंतऱ्यासारखा. ब्लूज बहुधा १२ बारांचा, म्हणजे ४८ मात्रांचा असतो. आरंभी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, नंतर त्याच आवर्तनांवर प्रत्येक जण आळीपाळीने उपज (तिथल्या तिथे सुचलेले नवे वादन) करतो आणि शेवटी पुन्हा मूळ चालीवर येतात. वादकांना विनंती करून पहिली रचना वाजवण्यापूर्वी नुसती चाल एकदा वाजवून घ्या आणि श्रोत्यांना ती बोटांवर मोजू द्या. एवढी तयारी पुरे आहे. लांबलचक व्याख्यान ठेवू नका.

दोन फरक मात्र आधी सांगावेत. आपला ठेका ठरलेल्या बोलांचा असतो, परंतु जॅझमधील बेसवादक त्याच आवर्तनातून दर वेळी नव्या वाटेने चालत जातो. जमीन तीच, पावले वेगळी. दुसरे असे की, आपण एका षड्जाच्या आधाराने राग मांडतो, तर जॅझमध्ये खालचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलत राहतो आणि त्यामुळे तोच स्वर एका क्षणी विसावलेला वाटतो आणि पुढच्याच क्षणी अस्वस्थ होतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला सुरुवातीला हे जड जाते. पहिला अर्धा तास धीर धरा, एवढेच श्रोत्यांना सांगावे.

या संगीताला परके म्हणणाऱ्यांना मी शारंगदेवाची आठवण करून देईन. त्याचा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ तेराव्या शतकात याच मराठवाड्यात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात रूपकालप्तीचे वर्णन आहे, म्हणजे बांधलेली रचना आणि तिचा ताल सांभाळून केलेल्या आलापाचे. तिचा भंजनी हा प्रकार तर असा की, रचनेतील पद (शब्द) आणि मान (कालमाप) तेच ठेवून चाल निरनिराळ्या रीतींनी फोडत न्यावी. मी वर्गात जॅझ ऐकवतो, तेव्हा हाच उतारा आधी समजावून सांगतो. कॉर्डची कल्पना शारंगदेवाकडे नाही, आणि दोन्ही संगीते एकच आहेत असे म्हणणेही चुकीचे होईल; परंतु ठरलेल्या चौकटीत राहून तिथल्या तिथे नवे घडवण्याचा आनंद आपल्या मातीला आठशे वर्षांपासून ठाऊक आहे.

दाद देण्याबाबत संकोच नको. प्रत्येकाची उपज संपली की टाळ्या देण्याची जॅझमध्ये रीतच आहे. मध्येच 'क्या बात है' निघाले, तर वादकांना आनंदच होईल. ठेक्याबरोबर टाळ्या धरणे मात्र टाळावे.

तबलावादकाला शेवटच्या अर्ध्या तासात बसवायला हरकत नसावी, असे माझे मत आहे.

उत्तर ३ (लातूर)

परभणीच्या सरांचे विवेचन मी दोनदा वाचले, परंतु शेवटच्या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि तबलावादक झाकीर हुसेन यांनी १९७० च्या दशकात 'शक्ती' हा संच उभा केला, तो एकमेकांचे संगीत शिकत, सोबत वाजवत. एका दुपारच्या ओळखीवर तबलावादकाला शेजारी बसवले, तर तो बिचारा साधी चार मात्रांची लय धरून राहील, जॅझवादक सोप्यात सोपी चाल निवडतील आणि दोघांचेही उत्तम ते बाजूला राहील. शिवाय आपल्या श्रोत्यांना 'तुम्हाला हे झेपणार नाही' असे आपणच सांगितल्यासारखे होईल. त्या तबलावादकाला श्रोता म्हणून पहिल्या ओळीत बसवा. वर्षभराने तो स्वतःच काहीतरी सुचवेल.

जॅझ महाराष्ट्रात नवे नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचे संच वाजवत होते. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली आणि त्यांच्यामार्फत ती हिंदी चित्रपटसंगीतात आली. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची सोबत आजही लोकांच्या कानांत आहे. अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये, ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात येऊन गेले, आणि १९७८ पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरू लागला. मी नोकरीनिमित्त वीस वर्षे मुंबईत होतो आणि तेथे मोठ्या मैदानांतही ऐकले, लहान खोल्यांतही. लक्षात राहिले ते लहान खोल्यांतलेच, कारण तेथे बेसवादकाचा श्वास ऐकू येतो आणि ड्रमवाला पियानोवाल्याकडे पाहून हसला, तर ते हसू कशासाठी होते तेही कळते.

न्यूयॉर्कमधील 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हे जॅझचे एक तीर्थक्षेत्रच म्हणावे लागेल, परंतु १९३५ पासून चालत आलेली ही जागा म्हणजे एक तिरकस आकाराचे तळघर आहे आणि तेथे १२३ माणसे मावतात. पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीने २५ जून १९६१ रोजी, रविवारी तेथे केलेले वादन ध्वनिमुद्रित आहे. त्यात मागे पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबुज स्पष्ट ऐकू येते. बेसवादक स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेले, वय अवघे पंचवीस. पियानो, बेस आणि ड्रम हाच आपलाही संच आहे. बैठकीपूर्वी दहा-बारा जणांनी एकत्र बसून ते ध्वनिमुद्रण ऐकावे आणि फक्त बेसकडे लक्ष द्यावे.

खर्चाबद्दल स्पष्टच सांगतो : २४,००० रुपयांत तीन वादकांचे मानधन, वाहन, पियानोचे भाडे, मुक्काम आणि जेवण हे सगळे बसणे कठीण आहे. डबल बेस माणसाएवढा उंच असतो, त्यामुळे साध्या मोटारीत तिघे आणि वाद्ये मावणार नाहीत. पुण्याहून सात-आठ तासांचा रस्ता आहे. त्यांना आदल्या दिवशी बोलवा, थकलेल्या हातांनी वाजवायला लावू नका. एका बैठकीची देणगी घेण्यापेक्षा वर्षातील तीन बैठकांची वर्गणी आधीच गोळा करावी, म्हणजे मानधनाचा आकडा वादकांना लेखी कळवता येतो. प्रायोजक घेतलाच, तर दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगते होणार नाहीत हे त्याला आधीच नम्रपणे सांगा. साडेसहाला पहिला स्वर लागला पाहिजे. स्वामित्वहक्क असलेल्या रचना वाजवणार असतील, तर आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) हिचा परवानाही वेळेत घ्यावा.

विचारणाऱ्याचे उत्तर (अंबाजोगाई)

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. तबल्याचा विचार मी सोडला आहे. ज्यांना विचारणार होतो, त्या तबलावादकांना आज लातूरच्या सरांचे म्हणणे वाचून दाखवले, तेव्हा त्यांनीच 'मला आधी ऐकू द्या' असे म्हटले आणि वर्गणीचे पहिले पैसेही दिले. येथील वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी बिल एव्हान्स यांचे ध्वनिमुद्रण ऐकायला रविवारी ढाळजेत जमणार आहेत. बैठक जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी ठरवत आहे.

टाळीची परीक्षा केली. सोप्यात आवाज लगेच विरतो, मात्र दिंडीकडच्या उघड्या दगडी भिंतीवरून तो स्पष्ट परत येतो. घरात आईने शिवलेल्या आठ-दहा वाकळी (गोधड्या) आहेत, त्या या भिंतीवर टांगल्या तर चालेल का?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)

अवश्य टांगा, फक्त भिंतीला चिकटवू नका. मध्ये बांबू आडवा बांधून भिंतीपासून चार-सहा बोटे अंतर सोडा. मागे हवा राहिली की तीच वाकळ अधिक आवाज शोषते. खालची कड जमिनीला टेकू द्या, आणि ड्रम त्या भिंतीकडे तोंड करून मांडू नका.