गिरणीतल्या आमच्या आज्या-पणज्या

माझी पणजी सातारकडची. नवरा गेला, दोन पोरं घेऊन परळला आली आणि रिळिंग खात्यात लागली. गिरणगाव म्हटलं की आपल्याला साच्यावरचा गडीच आठवतो. १९२०च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. रिळिंगमध्ये सुताच्या लडी करायच्या आणि पैसे वजनावर. सूत तुटकं आलं की हात चालत नसे आणि पैसेही बुडत. १८९१च्या कायद्याने बायकांचं काम दिवसाला ११ तासांवर आलं होतं. भोंग्याआधीचं पाणी आणि घरी आल्यावरची चूल त्यात धरलेली नव्हती.

तुमच्या घरात अशी कोणी होती? गिरणीचं नाव नको. तिचा दिवस कसा जायचा ते लिहा.

•

बाळगोळीबद्दल लिहिते. त्यात अफू असायची. आजी ती माझ्या थोरल्या काकाला देऊन शेजारणीच्या ओसरीवर निजवून जायची. मधल्या सुट्टीत पाजायला धावत यायची, तेव्हा आधी त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही ती ऐंशीची झाल्यावर. ‘अडाणी आया पोरांना अफू चारत’ असं कुठे वाचलं की माझा संताप होतो. पाळणाघर नाही, खाडा केला तर पैसे नाहीत. तिने काय करायचं होतं?

•

नाईकिणीचं, म्हणजे बायकांवरच्या मुकादमणीचं, कोणी लिहिलं नाही अजून. बायकांच्या खात्यात कामावर घेणं-काढणं तिच्या हातात. आमच्या आजीने पहिल्या पगारातून तिची दस्तुरी दिली, पुढे सणासुदीलाही काहीबाही द्यावं लागे. पण आजोबा आजारी पडले तेव्हा उसने पैसे तिनेच दिले. त्यामुळे आजी तिला कधी नावं ठेवायची नाही.

•

आमच्याकडे कळा सुरू होईपर्यंत कामावर जायची रीत होती. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात बाजू मांडली होती की आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे. माझ्या आत्याच्या वेळी आजीला रोजचे आठ आणे मिळाले. त्यातून तिने डिंक-खोबरं आणलं, हे ती सगळ्यांना सांगायची.

•

रविवारच्या सुट्टीसाठी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे झटले हे माहीत असतं, पण एप्रिल १८९०च्या महालक्ष्मीच्या सभेत दोन कामकरी बायकाही बोलल्या होत्या. हजारो गड्यांसमोर! जूनपासून सुट्टी मिळाली.

•

माझ्या आजीच्या बोटांना सुताने बारीक चिरा पडून कातडी जाड झाली होती. तव्यावरची भाकरी ती हातानेच उलटायची. आम्हा पोरांना त्याचं फार कौतुक वाटायचं.