ब्रिटनमध्ये ‘राष्ट्रीय सुरक्षेला धोका’ म्हणून हद्दपारी: गुप्त पुराव्याविरुद्ध अपील लढवतात कसं?

उलटतपासणी:
ब्रिटनचे गृहमंत्री एखाद्या परकीय नागरिकाला राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून देशाबाहेर काढतात, तेव्हा पुष्कळदा त्याच्यावर फौजदारी खटला भरलेलाच नसतो. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३(५) मध्ये ‘लोकहिताला पोषक’ एवढाच निकष दिसतो. मग आरोप सिद्ध कोण करतं आणि कुठल्या पातळीपर्यंत? पुरावा गुप्त असेल तर अपील करणाऱ्याचा वकील नेमकं कशाला उत्तर देतो? पाठ्यपुस्तकांत तत्त्वं सापडतात. मला प्रत्यक्ष कामकाज समजून घ्यायचं आहे.

खुला_कागद:
आधी ‘सिद्ध करणे’ ही फौजदारी कल्पना बाजूला ठेवा. २००१ च्या रहमान निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की इथे प्रश्न भविष्यातल्या धोक्याच्या मूल्यमापनाचा आहे. एकेक कृत्य वेगळं काढून ते सिद्ध झालं का, असं तपासायचं नाही, सगळं चित्र एकत्र पाहायचं. शिवाय धोका थेट ब्रिटनलाच असला पाहिजे असंही नाही. दुसऱ्या देशाविरुद्धच्या हिंसेला मदत केली आणि त्याचा परिणाम ब्रिटनच्या सुरक्षेवर होऊ शकत असेल, तरी पुरतं. त्यामुळे ‘माझ्या अशिलाने कुठलाच गुन्हा केलेला नाही’ एवढ्याच मुद्द्यावर उभं केलेलं अपील पहिल्याच दिवशी डळमळतं.

असं अपील नेहमीच्या इमिग्रेशन ट्रिब्युनलकडे जात नाही. ते स्पेशल इमिग्रेशन अपील्स कमिशनकडे, म्हणजे सियाककडे जातं. १९९७ च्या कायद्याने ते स्थापन झालं. तिघांचं पीठ असतं: एक वरिष्ठ न्यायाधीश, एक इमिग्रेशन न्यायाधीश, आणि तिसरा सदस्य बहुधा गुप्तवार्तेच्या कामाचा अनुभव असलेला. २००३ च्या नियमांप्रमाणे अपिलाची मुदत फार तोकडी आहे. माणूस कोठडीत असेल तर निर्णय हातात पडल्यापासून ५ दिवस, ब्रिटनमध्येच पण मोकळा असेल तर १० दिवस. नोटिशीत कारणं दोन-तीन परिच्छेदांत उरकलेली असतात. तपशील येईपर्यंत थांबू म्हणाल तर मुदत हातची जाते. आधी अपील दाखल करायचं, कारणं नंतर वाढवायची.

विशेष_वकालत:
गुप्त पुराव्याचं सांगतो, कारण बहुतेक अपिलं तिथेच हरली जातात.

गृहखातं आपला पुरावा दोन भागांत देतं. खुला भाग अपीलकर्त्याला मिळतो. बंद भाग फक्त सियाकला आणि विशेष वकिलाला. हा विशेष वकील ॲटर्नी जनरलने नेमलेला, सुरक्षा तपासणी झालेला बॅरिस्टर असतो. तो अपीलकर्त्याचं हित सांभाळतो, पण कायद्याच्या भाषेत तो त्याला जबाबदार नसतो. वकील-अशील हे नातंच तिथे नाही.

त्याच्या कामाचे दोन टप्पे. बंद भाग हाती येण्यापूर्वी तो अपीलकर्त्याला आणि त्याच्या सॉलिसिटरला मोकळेपणी भेटू शकतो. बंद भाग मिळाला की दार बंद. त्यानंतर अपीलकर्ता आपल्या वकिलामार्फत लेखी निरोप पाठवू शकतो, पण विशेष वकिलाने परत फक्त ‘पत्र मिळालं’ एवढीच पोच द्यायची. त्याला काही विचारायचं असेल तर सियाकची परवानगी लागते, आणि त्या अर्जाची खबर गृहखात्याला जाते, म्हणजे आपला रोख कुठे आहे ते समोरच्या बाजूला आधीच कळतं. म्हणून ही परवानगी फार क्वचित मागितली जाते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की पहिल्या टप्प्यातल्या भेटीतच सगळं सांगून टाकायचं. अपीलकर्त्याचं सविस्तर लेखी निवेदन हवं: कोणत्या तारखांना कुठे प्रवास केला, पैसे कुणाला पाठवले आणि कशासाठी, कोणकोणते फोन क्रमांक वापरले, एकच क्रमांक घरात आणखी कोण वापरत होतं, कोणत्या मशिदीत किंवा संस्थेत उठबस होती, कुणाशी ओळख होती आणि कुणाशी वैर. वैर ही बाब लोक हमखास विसरतात. बंद पुराव्यातला खबऱ्या हाच जुन्या भांडणातला माणूस असेल, तर ते ओळखायला विशेष वकिलाकडे दुसरा मार्ग नाही. फोन क्रमांकाचंही तसंच. ‘अमुक क्रमांकावरून अमुक दिवशी बोलणं झालं’ अशी नोंद बंद कागदांत असेल, आणि तो फोन तेव्हा चुलतभावाकडे होता हे विशेष वकिलाला आधी माहीत नसेल, तर ती नोंद उत्तराविना तशीच राहते.

बंद सुनावणीत तो साक्षीदारांची उलटतपासणी घेतो, आणि त्याआधी नियम ३८ खाली ‘हा मजकूर उघड करता येईल’ असा वाद घालतो. सियाकने ते मान्य केलं तरी गृहमंत्र्यांवर उघड करण्याची सक्ती नाही. मात्र मग तो मजकूर त्यांना स्वतःच्या बाजूने वापरता येत नाही. विशेष वकिलाची खरी कमाई बहुधा इथेच होते: एखादी तारीख, एखादं ठिकाण खुल्या भागात येतं आणि त्याला उत्तर देता येतं.

उलटतपासणी:
दोन शंका. निदान आरोपाचा गाभा सांगणं बंधनकारक नाही का? २००९ च्या एएफ निकालात लॉर्ड्सनी तसं म्हटलं होतं. आणि समजा धोका मान्य झाला, पण मायदेशी छळ होणार असेल तर?

खुला_कागद:
एएफ निकाल नियंत्रण आदेशांचा होता, म्हणजे संशयिताला देशातच ठेवून त्याच्या हालचालींवर बंधनं घालणाऱ्या आदेशांचा. तो युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ६ वर, म्हणजे न्याय्य सुनावणीच्या हक्कावर, उभा आहे. हद्दपारीला कलम ६ लागू होत नाही, हे स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००० मध्ये माउइया खटल्यात ठरवलं. त्यावरूनच २०१० मध्ये कोर्ट ऑफ अपीलने सियाकच्या हद्दपारीच्या अपिलांत ‘गाभा सांगा’ ही सक्ती नाकारली. माझ्या मते या व्यवस्थेतला हा सगळ्यात अन्यायकारक भाग आहे. घराबाहेर पडण्यावर बंधनं घालायची तर आरोपाचा गाभा सांगावा लागतो, आणि माणूस कायमचा देशाबाहेर घालवायचा तर लागत नाही!

सीमेपलीकडे:
दुसऱ्या शंकेचं उत्तर देतो.

१९५१ च्या निर्वासित करारात कलम ३३(२) हा अपवाद आहे. सुरक्षेला धोका असलेल्या निर्वासिताला परत पाठवण्याबाबत संरक्षण मागता येत नाही. पण मानवी हक्क कराराच्या कलम ३ ला, म्हणजे छळावरच्या बंदीला, असा अपवादच नाही. स्ट्रासबर्गच्या १९९६ च्या चहल निकालाने हे पक्कं केलं. चहल शीख फुटीरतावादी चळवळीशी संबंधित होते, ब्रिटनला त्यांना भारतात पाठवायचं होतं, आणि ते १९९० पासून कोठडीत होते. न्यायालय म्हणालं, माणूस कितीही धोकादायक असो, छळाचा खरा धोका असेल तर पाठवता येणार नाही. धोका आणि छळ यांचा तराजू मांडायचाच नाही. सियाकचा जन्मही याच निकालातून झाला, कारण तोवर अशा प्रकरणांत फक्त सल्लागार मंडळ होतं आणि गृहमंत्री त्याला बांधील नव्हते.

मग सरकारने हमीपत्रांचा मार्ग धरला, म्हणजे ‘परत आलेल्याचा छळ करणार नाही’ अशी लेखी हमी त्याच्या मायदेशाकडून घ्यायची. २००५ मध्ये जॉर्डन, लिबिया आणि लेबनॉनशी करार झाले. जॉर्डनचा धर्मोपदेशक अबू कतादाच्या खटल्यात, स्ट्रासबर्गच्या २०१२ च्या निकालात, अशी हमी कशी तपासायची याचे ११ निकष दिले आहेत. अपील लढवणाऱ्याने ते एकेक करून तपासून मांडले पाहिजेत: हमी नेमकी आहे की मोघम, देणाऱ्याला ती पाळून घेण्याचा अधिकार आहे का, पूर्वी दिलेल्या हमींचं काय झालं, तुरुंगात भेटी कोण देणार आणि वकिलाला विनाअडथळा जाता येणार का. ‘त्या देशात छळ होतो’ असे सर्वसाधारण अहवाल जोडून काम भागत नाही. या माणसाला, त्या यंत्रणेच्या कोठडीत, पहिल्या काही दिवसांत काय होईल, हे दाखवावं लागतं.

त्या खटल्यात छळाबद्दलची हमी पुरेशी ठरली. हद्दपारी अडली ती इतरांचा छळ करून मिळवलेल्या जबान्या जॉर्डनमधल्या खटल्यात वापरल्या जाण्याच्या धोक्यामुळे. म्हणून २०१३ मध्ये दोन्ही देशांनी वेगळा करार केला, आणि ७ जुलै २०१३ ला त्याला पाठवलं. तिथल्या दोन्ही खटल्यांत तो २०१४ मध्ये निर्दोष सुटला. त्या जबान्या किती पोकळ होत्या, ते यावरून दिसतं.

विशेष_वकालत:
कोठडीचा मुद्दा राहिला, आणि तो अपिलाच्या निकालाची वाट न पाहता लढायचा असतो. १९८३ च्या हरदयाल सिंग निकालानुसार कोठडी फक्त हद्दपारीसाठीच, वाजवी काळापुरतीच. वाजवी काळात पाठवणं जमणार नाही असं दिसलं की सोडावं लागतं. २००१ च्या कायद्याने परकीय संशयितांना बेमुदत डांबण्याची सोय केली होती. १६ डिसेंबर २००४ ला लॉर्ड्सनी ८ विरुद्ध १ अशा बहुमताने ती मानवी हक्क कराराशी विसंगत ठरवली, कारण तेवढाच धोका असलेले ब्रिटिश नागरिक मोकळेच होते.

जामीन सियाककडेच मागायचा. ‘चांगल्या वर्तनाची’ शिफारसपत्रं फारशी उपयोगी पडत नाहीत. राहण्याचा ठरलेला पत्ता, जामीनदार, इलेक्ट्रॉनिक पट्टा, संचारबंदीचे तास आणि इंटरनेट-फोनवरची बंधनं, हे सगळं आपणच लिहून द्यायचं. सोबत हमीच्या वाटाघाटी कुठवर आल्या हे गृहखात्याला लेखी विचारत राहायचं. उत्तर दर वेळी ‘चर्चा चालू आहे’ एवढंच येत असेल, तर तीच पत्रं पुढच्या जामीन अर्जाला जोडा.