मदत हवी आहे: जुना ट्रेलर घेतोय, काय काय बघू? (अर्जंट)

उरणचा_पोरगा: मंडळी, सेकंडहँड ट्रेलर घेतोय. टाटा ४०१८, चालू गाडी, मालक ओळखीतलाच. रविवारी टोकन द्यायचंय. काय काय बघायचं ते पटापट सांगा. 'नवीनच घे' म्हणणाऱ्यांनी कृपया लांब राहा.

घाटमाथा: साल? नुसता घोडा, म्हणजे पुढचा इंजिन-केबिनचा भाग, की मागच्या ट्रेलरसकट? माल कुठला मारणार?

उरणचा_पोरगा: २०१८, बीएस४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली. ट्रेलरसकट, ४० फुटी. कंटेनरच मारणार, उरणात दुसरं काय!

सदा_मिस्त्री: सकाळी इंजिन गार असताना जा. मालकाने आधीच स्टार्ट करून ठेवली असेल तर चहा पिऊन परत ये, दुसऱ्या दिवशी जा. स्टार्ट केल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेव. झाकण उडायला लागलं, फस फस धूर आला, की इंजिनाच्या आतले रिंगा-लायनर गेले समज. बोनेटखाली चकाचक धुतलेलं इंजिन दिसलं तर जास्त संशय घे, गळती लपवायला धुतात. आणि लोड टाकून चढावर चालवून बघ. रिकामा घोडा सगळेच पळवतात.

बाबुराव_ट्रान्सपोर्ट: बीएस४ ना? मग बिनधास्त घे. धूर साफ करायला टाकतात त्या युरियाची कटकट नाही.

सदा_मिस्त्री: बाबुराव, काहीही काय सांगताय! युरिया नाही तो लेलँडच्या बीएस४ ला. टाटाच्या मोठ्या गाड्यांना बीएस४ पासूनच युरिया आहे. बऱ्याच जणांनी तो बायपास करून ठेवलाय, स्कॅनर लावूनच बघायला हवं.

बाबुराव_ट्रान्सपोर्ट: आमच्या टायमाला स्कॅनर नव्हते, कानाने इंजिन कळायचं.

घाटमाथा: इंजिनावरच भांडा तुम्ही. पैसे मागे ट्रेलरमध्ये जातात. किंगपिन, म्हणजे ट्रेलर घोड्याला अडकवणारी पिन, व्हर्नियरने मोज: दोन इंची पिन नवी असताना ५०.८ मिलिमीटर असते, ४९ च्या खाली गेली की बदलायची. घोडा जोडून ब्रेक दाबून पुढेमागे कर, खडखड आली तर घोड्यावर ती पिन पकडणारा फिफ्थ व्हीलचा जबडा पण झिजलाय. कंटेनर धरणारे सगळे ट्विस्ट लॉक हाताने फिरवून बघ. चेसिसला वेल्डिंगवर ताजा रंग दिसला तर खरवड. टायर मोज, त्यात रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, किती ते विचार. कमानीचे पाटे तुटलेत का तेही बघ.

पनवेलकर_काका: मुला, ट्रेलरचा नाद सोड. आयशर घे, भाजीपाला मार, रात्री घरी जेवायला येशील. आपल्या पोरांनी या धंद्यात यायला हवं, पण जरा बेताने.

उरणचा_पोरगा: काका, आयशर विचारली नव्हती.

कागदपत्र_वाला: घोड्याचं आरसी वेगळं, ट्रेलरचं वेगळं, हे कोणीच बोललं नाही. दोन्ही नंबर वाहन पोर्टलवर टाका. फिटनेस, टॅक्स, इन्शुरन्स, ई-चलान सगळं बघा. कर्ज असेल तर फायनान्सची एनओसी आणि कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडा. गाडी ८ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, त्याचा खर्च आत्ताच धरा.

बाबुराव_ट्रान्सपोर्ट: ओळखीतला मालक आहे म्हणतोय ना तो. एवढं कशाला?

कागदपत्र_वाला: ओळखीतल्याकडेच कागद मागायची लाज वाटते, म्हणून.

उरणचा_पोरगा: मिस्त्री, रविवारी सकाळी येता का? पेट्रोल, नाश्ता माझा. आणि एक राहिलं, घोडा नागालँड पासिंगचा आहे. त्याने काही फरक नाही ना पडत?

घाटमाथा: अरे देवा. हे पहिल्या ओळीत लिहायचं ना राव!

कागदपत्र_वाला: गाडी इथल्या नावावर करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरून नवा नंबर. एनओसी कोण आणणार आणि खर्च कोणाचा, हे टोकनच्या पावतीवर लिहून घ्या. ट्रेलर कुठल्या पासिंगचा?

उरणचा_पोरगा: विचारून सांगतो.