रायफलच्या स्कोपचे (नेमाच्या दुर्बिणीचे) क्लिक खरे हायेत का, कसं पाहावं?

प्रश्न (यवतमाळकडून): १०० मीटरले झिरो (जिथं नेम तिथंच गोळी) बरोबर हाय, पण रेंजवर ३०० ले डायल केलं (स्कोपची वर-खालीची चकती फिरवली) का गोळी दरवेळी खालीच लागते, काडतुसं तेच, क्लिक (चकतीचा एकेक टप्पा) १/४ एमओएचे (एमओए म्हंजे कोनाचं माप, १०० मीटरवर जवळपास २.९ सेंटीमीटर), मंग चुकते कुठी?

उत्तर: भाऊ, उंच कागद लाव, गवंड्याच्या ओळंब्यानं उभी रेघ मार, अंतर टेपनं मोज, पावलानं नाई. नेम खालच्याच टिपक्यावर ठेवून ४० क्लिक वर घे, १०० मीटरवर गोळ्या २९ सेंटीमीटर वर लागाले पायजे. २७ च भरले तं क्लिक कमी पडून राह्यले. रेघ सोडून बाजूले गेल्या तं स्कोप तिरपा बसला हाय.

दुसरं उत्तर: आधी रिंगचे (स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचे) स्क्रू पाह्य गा! माहा एक ढिला होता, महिनाभर स्कोपलेच दोष देत बसलो.

प्रश्नकर्ता: स्क्रू पक्के हायेत. रविवारी ओळंबा घेऊन जातो.